पुढे कोण दोघे?

पांढरकवड्याहून दक्षिणेकडे निघाले की पाटणबोरी मागे टाकल्यावर पैनगंगा लागते. पूल ओलांडला की आदिलाबाद जिल्हा सुरू होतो. आज ही महाराष्ट्र आणि तेलंगणाची सीमा आहे. स्वातंत्र्याच्या वेळी नदीपलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान होते. अलीकडचा आमचा यवतमाळ जिल्हाही कागदोपत्री निजामाचाच मुलूख. १८५३च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १९०२मध्ये तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडेच राहिला. जमिनीच्या जुन्या कज्ज्यांत आणि बोलीभाषेतल्या फारसी शब्दांत या संबंधाच्या खुणा आजही सापडतात. मला त्या फुटबॉलच्या मैदानावर शोधाव्याशा वाटल्या, याचे कारण एक शाळामास्तर आहे.

सय्यद अब्दुल रहीम हे त्याचे नाव. हैदराबादच्या शाळांत शिकवणाऱ्या या माणसाने भारतीय फुटबॉलमध्ये संघाच्या मांडणीचा जितका खोल विचार केला, तितका त्याच्या आधी कोणी केला नव्हता आणि नंतरही फार थोड्यांनी केला. २०२४मध्ये त्याच्यावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, त्यामुळे त्याचे नाव आता तरुणांना ठाऊक झाले आहे. चित्रपटात जिद्द, आजारपण आणि अश्रू यांना जागा मिळते. फळ्यावर खडूने काढलेल्या अकरा ठिपक्यांना ती मिळणे अवघड असते. हा लेख त्या अकरा ठिपक्यांविषयी आहे.

मी स्वतः शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. यवतमाळ जिल्ह्यात शालेय संघ घेऊन तालुका, जिल्हा, अमरावती विभाग अशा पायऱ्या चढण्याउतरण्यात नोकरीची वर्षे गेली. दर पावसाळ्यात माझ्यापुढे दोन प्रश्न असत: संघ कसा मांडायचा आणि पुढे कोण दोघे ठेवायचे. वरवर पाहता हे प्रशिक्षकाच्या वहीतले प्रश्न आहेत. पण त्यांचा माग काढत गेलो तेव्हा भारतीय फुटबॉलच्या सोन्याच्या दिवसांची गोष्ट आपण अर्धीच सांगत आलो आहोत, असे माझ्या लक्षात आले.

मांडणी आली कोठून?

३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोच्या एका क्रिकेट मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. इंग्लंडने आठ आणि स्कॉटलंडने सहा खेळाडू पुढे ठेवले होते. एवढे आघाडीपटू असूनही सामना ०-० असा सुटला. इंग्रजांचा भर एकेकट्याने चेंडू घेऊन धावण्यावर होता, तर स्कॉटिश खेळाडू एकमेकांना पास देत होते. पुढे किती माणसे आहेत यापेक्षा त्यांचा आपसात काय संबंध आहे, हे महत्त्वाचे असते. मांडणीच्या इतिहासातला हा पहिला धडा पहिल्याच सामन्यात मिळाला.

१८८०च्या दशकात २-३-५ ही मांडणी रूढ झाली: दोन बचावपटू, तीन हाफबॅक आणि पाच फॉरवर्ड. साहेबाच्या पलटणींबरोबर हिंदुस्थानात आलेला फुटबॉल हाच. मुंबईत १८९१मध्ये रोव्हर्स कप सुरू झाला तो पलटणींच्या संघांसाठी. आमच्याकडे विदर्भात हा खेळ रुजला तो मुख्यतः कामठीच्या छावणीच्या आसऱ्याने.

१९२५मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. तोवर पुढे पास घेणाऱ्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असावे लागत. आता दोन पुरेसे झाले. साहजिकच गोलांचा पाऊस पडू लागला. तो थोपवण्यासाठी आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या हाफबॅकला मागे खेचून तिसरा बचावपटू केले. या मांडणीला, इंग्रजी अक्षरांच्या आकारावरून, ‘डब्ल्यू-एम’ म्हणू लागले. नियमातला एक आकडा बदलला आणि जगभरच्या संघांना आपला सांगाडा बदलावा लागला.

मग २५ नोव्हेंबर १९५३चा दिवस आला. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरवले. घरच्या मैदानावर युरोप खंडातल्या संघाकडून इंग्लंड पहिल्यांदाच हरत होते. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी हा नावालाच पुढचा होता. तो मागे उतरून मधल्या फळीत चेंडू घ्यायचा. इंग्लंडच्या मधल्या बचावपटूला कळेना, की त्याच्यामागे जावे की जागा धरून राहावे. मागे गेला तर पाठीशी भगदाड पडे. थांबला तर हिदेगकुटी मोकळा. त्याने त्या सामन्यात तीन गोल केले.

दोन आघाडीपटूंच्या जोडीचे सगळे गमक या कोड्यात आहे. दोघेही चेंडूकडे धावले तर एकच बचावपटू दोघांना सांभाळू शकतो. दोघेही गोलाजवळ थांबले तर त्यांच्यापर्यंत चेंडू पोचत नाही. एक जवळ येतो आणि त्याच क्षणी दुसरा दूर जातो, तेव्हा बचावाची फळी मधून उसवते. म्हणून दोन सर्वोत्तम गोल करणारे पुढे ठेवले म्हणजे सर्वोत्तम जोडी होते असे नाही. जोडीत एकाच्या हालचालीने दुसऱ्याला जागा मिळावी लागते.

अनवाणी पायांची कथा

याच काळात आपल्याकडे काय चालले होते? १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारत फ्रान्सकडून १-२ असा हरला आणि बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले म्हणून कौतुकाचा विषय झाला. १९५१मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत इराणला १-० असे हरवून भारताने सुवर्णपदक मिळवले. गोल साहू मेवालाल यांचा. पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे धुतले.

या पराभवाचा अर्थ बहुतेकांनी पायांत शोधला. थंडी, ओले मैदान, अनवाणी पाय. त्यानंतर बूट सक्तीचे झाले आणि ते योग्यच होते. पण दहा गोल केवळ बूट नसल्यामुळे बसत नाहीत. पुढे पाच जण उभे, मागे दोन-तीन जण आणि मध्ये मोठे पटांगण रिकामे, अशी जुनी रचना घेऊन आपण युरोपातल्या एका अव्वल संघापुढे गेलो होतो. शिवाय आपल्याकडचे सामने ७० मिनिटांचे असत. ९० मिनिटांत दम कसा वाटून घ्यायचा, याची सवयच नव्हती.

रहीम त्या संघाचे प्रशिक्षक होते. पराभवाचा अर्थ त्यांनी रचनेत शोधला.

हैदराबादचा मास्तर, मुंबईचे मैदान

रहीम हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ घडवत होते. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स कप जिंकला आणि तोही मुंबईच्या कूपरेजवर. मराठी मुलखाने रहीम यांची पद्धत पाहिली ती अशी आपल्याच अंगणात. चेंडू जमिनीवर ठेवायचा, लहान पास द्यायचे, पास दिला की उभे न राहता नवी जागा घ्यायची.

त्यांच्या सरावाच्या रीती शिक्षकाला शोभतील अशा होत्या. ड्रिब्लिंगला मनाई असलेल्या स्पर्धा ते भरवत, म्हणजे चेंडू पायाशी खेळवत बसण्याची खोड मोडून मुले पहिल्या स्पर्शात पास द्यायला शिकत. फक्त कमजोर पायाने खेळण्याच्या स्पर्धाही असत. शाळेत एखादा धडा मुलांना उमजत नसेल तर चांगला मास्तर तो ओरडून पुन्हा सांगत नाही; खेळच असा रचतो, की धडा आपोआप गळी उतरावा. रहीम यांनी तेच केले. अशा मुलांना उद्या नवी मांडणी दिली तर ती पेलते, कारण त्यांची कुठल्याही जागी उभे राहण्याची तयारी झालेली असते. खडूने ठिपके हलवणे सोपे असते. ठिपक्यामागचा माणूस दोन्ही पायांनी खेळू शकतो की नाही, यावर त्या ठिपक्याची किंमत ठरते.

१९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकला रहीम संघ घेऊन गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हंगेरीचा खेळ होता. योगायोग असा, की पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशीच होती. त्या देशात उठाव आणि रणगाडे असा काळ सुरू होता. फुटबॉल संघाने माघार घेतली आणि भारताला पुढे चाल मिळाली.

१ डिसेंबरला भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझा यांचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. मूळ गोव्याच्या घराण्यातले डिसोझा मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबकडून आणि पुढे कॅलटेक्सकडून खेळले. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच होता. तो सामना आपण १-४ असा हरलो आणि कांस्यपदकासाठी बल्गेरियाकडून ०-३. भारत चौथा आला. डिसोझा चार गोलांसह स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीने पहिले.

हेलसिंकीत १-१०, मेलबर्नमध्ये १-४, प्रतिस्पर्धी तोच. चार वर्षांत आपल्या खेळाडूंची उंची वाढली नव्हती की छात्या रुंदावल्या नव्हत्या. पायांत बूट आले होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येकाला आपली जागा ठाऊक झाली होती. १९५८च्या विश्वचषकात ब्राझीलने ४-२-४ ही मांडणी जगभर गाजवली. फुटबॉलचे अभ्यासक सांगतात, की त्याच्या आधीच रहीम त्या दिशेने निघाले होते. पहिला कोण, या वादात मला रस नाही. दूरच्या देशातल्या खेळाचे ऐकून-पाहून, हातातल्या खेळाडूंना बसेल असा त्याचा कपडा बेतणे, हे काम रहीम यांनी केले. त्याचे मोल पहिलेपणावर अवलंबून नाही.

जकार्ता, १९६२

आता या लेखाच्या गाभ्याकडे येतो. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताची सुरुवात वाईट झाली. दक्षिण कोरियाने आपल्याला २-० असे हरवले. मग भारताने थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असे हरवून उपांत्य फेरी गाठली. पण थायलंडविरुद्ध मधला बचावपटू जर्नैल सिंग यांच्या डोक्याला मोठी जखम होऊन टाके पडले होते.

प्रशिक्षकापुढचा पेच बघा. संघातला सर्वांत दणकट बचावपटू जखमी. बचावात खेळवावे तर डोक्याने चेंडू परतवण्याचे काम जोखमीचे. बाहेर बसवावे तर संघाचा आधार जातो. रहीम यांनी उपांत्य सामन्यात त्यांना सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवले. बचावाचा भार अरुण घोष, त्रिलोक सिंग आणि मुंबईच्या कॅलटेक्सकडून खेळणारे ओ. चंद्रशेखर यांच्यावर टाकला.

हा जुगार वाटतो, पण नव्हता. महाविद्यालयाच्या दिवसांत जर्नैल फॉरवर्ड म्हणून खेळलेले होते, हे रहीम यांना ठाऊक होते. दुसरे कारण अधिक खोल आहे. भारताच्या आघाडीला पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि तुलसीदास बलराम हे तीन बुद्धिमान, चपळ खेळाडू होते. तिघांनाही मोकळी जागा हवी असे. प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूंना अंगाने अडकवून ठेवणारा, त्यांना आपल्याभोवती गोळा करणारा माणूस त्यांच्यात नव्हता. जर्नैल यांच्यामुळे तो मिळाला.

दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारत ३-२ असा जिंकला. दोन गोल चुनी यांचे, एक जर्नैल यांचा. ४ सप्टेंबरला अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशी होता. इस्रायल आणि तैवान यांना स्पर्धेबाहेर ठेवण्यावर भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी घेतलेल्या आक्षेपामुळे जकार्तात भारताविरुद्ध वातावरण तापले होते आणि प्रेक्षकांनी गच्च भरलेले मैदान विरोधात होते. पहिल्या वीस मिनिटांतच पी. के. आणि पाठोपाठ जर्नैल यांनी गोल केले. कोरियाचा एकमेव गोल अगदी शेवटाकडे झाला. २-१. ज्या संघाकडून दहा दिवसांच्या आत आपण हरलो होतो, त्यालाच हरवून सुवर्णपदक मिळाले.

त्या स्पर्धेत भारताने एकूण ११ गोल केले. पी. के. यांचे ४, चुनी यांचे ३, बलराम यांचे २ आणि जर्नैल यांचे २. ही वाटणी मला पदकाहून बोलकी वाटते. कोणा एका पायावर संघ उभा नव्हता. एकाला दाबले तर दुसरा सुटत होता. मधल्या फळीत मूळचे गोव्याचे आणि मुंबईत टाटाकडून खेळणारे फॉर्च्युनॅटो फ्रँको होते. त्यांच्या नावावर गोल नाहीत, पण पुढचे चौघे निर्धास्त राहिले ते मागे अशी माणसे होती म्हणून.

त्या वेळी रहीम कर्करोगाने ग्रासलेले होते. पुढच्या वर्षी जूनमध्ये ते गेले.

शिष्याची परीक्षा

रहीम यांचा विचार त्यांच्याबरोबर संपला नाही, याचा एक पुरावा पस्तीस वर्षांनी मिळाला. १९९७च्या फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल समोरासमोर आले. तारीख १३ जुलै, प्रेक्षक सव्वा लाखाहून अधिक. बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी त्या मोसमात ‘डायमंड’ मांडणी आणली होती: मधली फळी हिऱ्याच्या आकारात आणि सगळा भर आक्रमणावर. तिची वर्तमानपत्रांतून मोठी चर्चा होती. ईस्ट बंगालचे प्रशिक्षक होते पी. के. बॅनर्जी, म्हणजे जकार्ताच्या अंतिम सामन्यात पहिला गोल करणारे रहीम यांचे शिष्य.

पी. के. यांनी डायमंडला उत्तर म्हणून दुसरे रत्न आणले नाही. बागानचे खेळाडू पुढे गेले की त्यांच्या मागे मैदान रिकामे पडते आणि आपल्याकडे त्या रिकाम्या जागेत धावणारा बायचुंग भुतिया आहे, एवढे त्यांनी ओळखले. ईस्ट बंगाल ४-१ असा जिंकला. भुतियाची हॅटट्रिक झाली. अमल दत्त यांची कल्पना टाकाऊ होती असे मी म्हणणार नाही. भारतीय फुटबॉलला अशा धाडसी माणसांची गरजच होती. पण मांडणीचे नाव आधी गाजले आणि समोर कोण धावणार आहे हा प्रश्न मागे पडला, तर काय होते ते त्या दिवशी दिसले.

काळ्या मातीत

आता आमच्या मैदानावर येऊ. यवतमाळचे पोस्टल ग्राउंड असो, नेहरू स्टेडियम असो की वणी-पुसदच्या शाळांची पटांगणे. शालेय स्पर्धा भर पावसाळ्यात होतात. काळी माती जुलैत बूट धरून ठेवते. लहान पास चिखलात अर्ध्या वाटेवर थांबतो. दूरचित्रवाणीवर आणि आता मोबाइलवर युरोपचे सामने पाहून मुले ४-३-३ मागतात. पुढे एकटा स्ट्रायकर, बाजूंना दोन विंगर. हिरव्यागार, गालिच्यासारख्या मैदानावर ते शोभते. आमच्याकडे तो एकटा स्ट्रायकर तासभर चेंडूची वाट पाहत उभा राहतो. एकदा मध्यंतराला आमचा पुढचा पोरगा मला म्हणाला, “सर, म्या एकटाच पुढं काय करू? मांगून कोनी येतच नाही.” मांडणीवरची इतकी नेमकी टीका मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

दुसऱ्या अर्धात त्याच्या जोडीला दुसरा दिला. पहिला झरी जामणीकडच्या एका कोलाम पोडावरचा. घरी कोलामी बोलणारा, शांत, चिखलातही तोल न जाणारा. दुसरा शहरातला, घरी उर्दू बोलणारा, बडबड्या, बारीक अंगाचा, पळणारा. पहिला चेंडू अंगावर घेऊन थांबवायचा, दुसरा त्याच्या पाठीमागून निघायचा. दोघांत मिळून मैदानावरची भाषा चार शब्दांची होती: दे, सोड, मांगं, जा. ती पुरली. जकार्ताच्या संघात बंगाली, पंजाबी, मल्याळी, कोकणी, हैदराबादी अशा किती बोली होत्या, हे मी त्या मुलांना नंतर सांगितले. त्यांना त्यात काही नवल वाटले नाही.

त्या वर्षी आम्ही फार पुढे गेलो नाही. पण मुलांनी एक गोष्ट उचलली. संघ मांडताना ती आधी मैदान बघू लागली, मग समोरचा संघ, मग आपल्यातले अकरा. मांडणीचे नाव शेवटी.

हिंमत आणि हिशेब

१९६२च्या संघातली माणसे एकेक करून जात आहेत. पी. के. आणि चुनी २०२०मध्ये सहा आठवड्यांच्या अंतराने गेले. फ्रँको आणि चंद्रशेखर २०२१मध्ये, बलराम २०२३मध्ये. प्रत्येक मृत्युलेखात सुवर्णपदक होते, विरोधी प्रेक्षक होते, जर्नैल यांच्या डोक्यावरचे टाके होते. ते सगळे खरे आहे. पण टाके पडलेला माणूस पुढे का उभा केला, या प्रश्नावर क्वचितच कोणी थांबले. आपल्याला शौर्याची गोष्ट सांगायला आवडते. अनवाणी पाय, फुटलेले डोके, आजारी प्रशिक्षक. विचाराची गोष्ट सांगताना मात्र आपली लेखणी आखडते, जणू विचार करण्याचे काम युरोपचे आणि हिंमत दाखवण्याचे आपले.

याचा तोटा आमच्यासारख्या जिल्ह्यांतल्या मुलांना होतो. त्यांना शिबिरात ‘जान लावून खेळा’ हे हजार वेळा सांगितले जाते. कुठे उभे राहायचे, कोणासाठी जागा करायची आणि जोडीदार येत असेल तेव्हा आपण कुठे जायचे, हे सांगणारा क्वचित भेटतो. हिंमत त्यांच्याकडे आधीपासूनच असते. पोडावरून पायी येऊन एस.टी. धरणाऱ्या मुलाला ती शिकवावी लागत नाही. त्याला हिशेब हवा असतो.

हैदराबादच्या त्या मास्तराजवळ हिशेब होता. तो त्याने हंगेरीकडून शिकला, हैदराबादच्या मैदानांवर पक्का केला, मुंबईच्या कूपरेजवर पाच वर्षे तपासला आणि जकार्तात एका जखमी बचावपटूला पुढे पाठवून सोडवला. पैनगंगेच्या अलीकडे तो पोचायला काहीच हरकत नाही. त्याला मोठे मैदान लागत नाही. फळा, खडू आणि आपल्या अकरा मुलांची नीट ओळख एवढे पुरते.